सोळा हजार नळ्यांची राखण

मिशिगन सरोवराच्या काठावरचं ते अणुवीज केंद्र कायमचं बंद झालं, त्या दिवशी कँटीनमध्ये केक कापला गेला. पन्नाशीची दोन-चार माणसं उघड उघड रडली. नीलांबरी खानझोडे मात्र तिच्या साहेबाच्या, डेलच्या केबिनमध्ये भांडत होती.

भांडण पाण्यावरून होतं. केंद्रात वाफ तयार करणाऱ्या दोन अवाढव्य टाक्या होत्या. प्रत्येकीत बोटाएवढ्या जाडीच्या आठ हजार नळ्या. आता त्या रिकाम्या करून ठेवा, असा वरून आदेश आला होता. नीलांबरी केंद्रातल्या पाण्याची केमिस्ट. टाक्या नुसत्या रिकाम्या ठेवल्या की ओल आणि हवा मिळून नळ्यांना गंज धरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गंज थांबवणारं रसायन घालून त्या काठोकाठ भरून ठेवाव्यात, एवढंच तिचं म्हणणं.

"नीला, भंगारात जाणाऱ्या गाडीत कोणी ऑइल बदलतं का?" डेल म्हणाला.

"अजून गेलेली नाही ना भंगारात. जाईपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

डेलने आदेशाचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाला, की वेगळी माणसं मिळणार नाहीत, तुझी तू कर. तिने ते त्याच्याकडून लिहून घेतलं.

नीलांबरी लहानाची मोठी झाली नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत. वडील बॉयलरवर होते. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची आणि आई तेच कपडे पुन्हा धुवायला घ्यायची. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. लग्न होऊन ती अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या नोव्हाय शहरात आली. नवरा यतीन मोटारींच्या कंपनीत इंजिनीअर होता. तिला नोकरी मिळाली ती घरापासून अडीच तासांवरच्या या केंद्रात. मग सोमवार ते गुरुवार तिथल्या गावात भाड्याची खोली आणि शुक्रवारी घर, असं अठरा वर्षं चाललं.

केंद्र बंद झाल्यावर सहाशेंपैकी दीडशे माणसं उरली. नीलांबरी दर मंगळवारी दोन्ही टाक्यांतलं पाणी बाटलीत घेऊन तपासायची, कमी पडलेलं रसायन घालायची आणि वहीत नोंद करायची. पहिल्या हिवाळ्यात एक पंप बिघडला, तेव्हा मोडीत काढलेल्या दुसऱ्या पंपाचे भाग तिने मागून आणले.

मुलगी इशिता युनिव्हर्सिटीत पर्यावरण शिकत होती. तिला हे अजिबात पटायचं नाही. "आई, इट्स डेड. लेट इट गो," ती म्हणायची. "आणि तो अणुकचरा? हजारो वर्षं राहणार तो. हू विल वॉच इट?"

नीलांबरी हा प्रश्न कधी उडवून लावायची नाही. "तुझा प्रश्न बरोबर आहे," ती म्हणायची. "पण मी राखेत वाढलेय. तो कचरा कुठे आहे, किती आहे, हे मला माहीत असतं. राख कोणाच्या छातीत गेली ते कोणी लिहून ठेवलं नाही."

दोन वर्षांत चित्र पालटलं. राज्यात प्रचंड वीज खाणारी डेटा सेंटर उभी राहायला लागली, बॅटरीचे कारखाने आले, कोळशावरची जुनी केंद्रं एकेक करून बंद होत होती. उन्हाळ्यात वीज पुरणार नाही, अशा सूचना यायला लागल्या. मग एका नव्या कंपनीने हे बंद केंद्र पुन्हा सुरू करायचं ठरवलं. असं करायचं कसं, हे सांगणारं अनुभवी माणूस कुठेच नव्हतं.

गावच्या शाळेच्या जिममध्ये जाहीर सुनावणी झाली. मार्लीन नावाच्या, ब्लूबेरीची बाग असलेल्या सत्तरीच्या बाई उठल्या. "वापरलेलं इंधन माझ्या बागेपासून दोन मैलांवर काँक्रीटच्या पिंपात ठेवलंय. ते कधी हलणार?"

कंपनीचा माणूस गोल गोल बोलायला लागला. नीलांबरीने माईक मागून घेतला.

"कधी हलणार ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "देशाने अजून जागा ठरवलेली नाही. ही या विजेची उणी बाजू आहे आणि ती तुम्ही सोसताय. पण केंद्र सुरू झालं नाही तरी ती पिंपं इथेच राहणार आहेत. फक्त वीज येणार नाही."

"तुमची नोकरी आहे, तुम्ही असंच बोलणार," मार्लीनबाई म्हणाल्या.

"केंद्र पाडायचं ठरलं तरी दहा वर्षं काम आहे मला. नोकरीसाठी मी बोलत नाहीये."

मार्लीनबाई खाली बसल्या. निघताना त्यांनी नीलांबरीला गाठलं. "माझा विरोध कायम आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचा नंबर द्या. काही विचारायचं झालं तर मी तुम्हालाच विचारीन."

आता सगळं त्या नळ्यांवर येऊन ठेपलं. फार खराब निघाल्या तर टाक्या बदलाव्या लागणार, आणि नव्या टाक्या मिळायला वर्षानुवर्षं लागतात. बाहेरून तपासनीस आले. एकेका नळीत बारीक तपासकांडी घालून ते नळी आतून किती झिजलीय, कुठे चीर आहे, ते बघत होते. सोळा हजार नळ्या, तीन आठवडे. शे-पाचशे तरी बाद होतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. त्या तीन आठवड्यांत नीलांबरीचं वजन सात पौंड उतरलं.

शेवटच्या दिवशी डेल प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात एकच कागद होता.

"अकरा," तो म्हणाला.

"अकराशे?"

"अकरा, नीला. सोळा हजारांत अकरा. मी तुला नाही म्हणालो असतो तर आज हे सगळं इथेच संपलं असतं."

तिने कागद दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि हसायला लागली, आणि तिचं हसू काही केल्या थांबेना. डेलही हसायला लागला. बाजूच्या खोलीतली माणसं बघायला आली.

त्यानंतरही दीड वर्ष गेलं. परवानग्या, दुरुस्त्या, नव्या ऑपरेटरांच्या परीक्षा. अखेर ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ सकाळी वाफ टर्बाइनवर सोडली. त्या दिवशी नीलांबरीला कंट्रोल रूममध्ये खास बोलावलं होतं. केंद्रातली वीज आणि बाहेरच्या तारांमधली वीज यांची लय जुळल्याचं काट्याने दाखवलं, ऑपरेटरने स्विच फिरवला आणि चार वर्षं बंद असलेलं केंद्र पुन्हा राज्याच्या तारांना जोडलं गेलं. पडद्यावरचा आकडा चढायला लागला. चाळीस मेगावॅट. नव्वद. दीडशे. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळी खोलीच वाजवायला लागली. ऑपरेटर उठून तिच्याकडे आला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

दुपारी तिने घरी फोन लावला. यतीनने स्पीकर लावला, इशिताही तिथेच होती.

"झालं?" यतीनने विचारलं.

"झालं. आठवडाभरात पूर्ण ताकदीवर येईल. सहा लाख घरांना पुरेल एवढी वीज."

"आई, आय स्टिल हॅव क्वेश्चन्स," इशिता म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "पण मला यायचंय बघायला. तू दाखवशील?"

"शनिवारी ये," नीलांबरी म्हणाली. "जाड मोजे घालून ये, खूप चालावं लागतं."