फुगेताईंचं भरलेलं घर

आमच्या भिंतीपलीकडे पुष्कळ माणसं राहतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. एक घोगऱ्या आवाजाचा मुलगा, एक खिदळणारी मुलगी, खाकरून बोलणारे कुणी प्रिन्सिपॉल आणि मधूनच एक कुत्रा. मुंबईत चारकोपला आम्ही तेव्हा नवीनच आलो होतो. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. सेक्टरातल्या बैठ्या खोल्या निम्म्या कुलूपबंद, पुढे वाळूचे ढीग, मागे खाडीचं खाजण. वारा सुटला की पत्रे वाजायचे. आमचे हे सकाळी कामाला जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर मी आणि ती भिंत. मग मी भिंतीला पाठ लावून बसायचे, पलीकडचं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, केवढं भरलेलं घर गं बाई!

शेवटी विरजणाचं निमित्त काढलं आणि वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत एकच बाई. रंगानं काळ्या, अंगानं भरभक्कम, मांडीवर फळी, बोटांना शाई. मी आत डोकावून विचारलं, "बाकीची मंडळी बाहेर गेलीत का?"

त्यांनी मला न्याहाळलं आणि फळीवरचा कागद माझ्याकडे फिरवला. "ही बघ मंडळी. हितंच आहेत सगळी. विरजण हवं ना? बस गो."

कागदावर चित्रं होती. कॉलेजातल्या मुलामुलींची चित्रकथा. अंधेरीच्या एका ऑफिसातून दर महिन्याला चित्रांचा गठ्ठा यायचा आणि सोबत टाइप केलेले संवाद. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून जे बोलण्याचे गोल निघतात ना, त्यांना त्या धंद्यात फुगे म्हणायचे. ते फुगे बाई टाकानं, काळ्या शाईनं भरायच्या. बोर्ड रंगवणाऱ्या वडिलांकडून अक्षर शिकल्या होत्या. सेक्टरातल्या पोरांनी त्यांचं नाव फुगेताई ठेवलं, ते मीही उचललं.

त्यांची एक सवय होती. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी त्या ते मोठ्यानं बोलून बघायच्या, ज्याचं त्याच्या आवाजात. "बोलून बघितल्याशिवाय लिहायचं नाही," त्या म्हणायच्या. "माणूस दम कुठे घेतो ते कळतं. ओळ तिथे मोडायची."

हळूहळू मुलींचे संवाद बोलून बघायचं काम माझ्याकडे आलं. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली, अक्षराला अक्षर जोडत वाचायची. पण मुलींचे संवाद मला जड गेले नाहीत, कारण होते कुठे? "अय्या!" "इश्श!" "वाचवा!" एवढ्यावर त्यांचा महिना निघायचा. ताई टाकाच्या टोकानं दाखवायच्या. "मुलग्यांचे फुगे बघ कसे टपोरे. आणि मुलींचे? एक अय्या मावलं की संपली जागा." त्या कथेत दोन नायिका होत्या, दोघी गोऱ्या, दोघी काडीसारख्या. ताई म्हणायच्या, "ह्या दोघींचे केस झाकले ना, तर त्यांची आयस पण ओळखायची नाय, खयची कोण ती."

बाकीच्यांचं तर विचारू नका. एक मद्रासी मुलगा होता तो "अय्यो" म्हणायला. एक ख्रिश्चन मुलगी होती ती तोकड्या फ्रॉकात नाचायला. मासळीवाली यायची ती भांडायला. त्या मासळीवालीचा फुगा भरताना ताई एकदा थांबल्या. "माझी आई मासळी विकायची," म्हणाल्या. "तिला भांडायला वेळ कधी मिळाला, कुणास ठाऊक."

मग त्यांनी खोड्या सुरू केल्या. टाइप केलेल्या कागदावर नुसतं "अय्या!" असायचं. ताई त्याखाली बारीक अक्षरात जोडायच्या, "सरक, सायकलची चेन मी बसवते." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. ऑफिसातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही. ताईंचं काम कुणी तपासतच नसे. गठ्ठा तसाच छापखान्यात जायचा.

पण त्या कथेत आणखी एक मुलगी होती. जाडी, काळी. तिला सगळे ढोली म्हणायचे. तिनं खायचं, पडायचं, खुर्ची मोडायची, बाकीच्यांनी हसायचं. एका अंकात ती जिन्यावरून उतरते आणि मुलगे ओरडतात, "सरका, सरका! रोडरोलर आला!" हे वाक्य ताईंनी बऱ्याचदा बोलून बघितलं होतं. दम दुसऱ्या "सरका"नंतर घ्यायचा, असं ठरलं. मी भिंतीआड ऐकून हसले होते.

आमच्या समोर साळव्यांची खोली होती. रविवारी त्यांच्याकडून बुद्धवंदना ऐकू यायची. त्यांची मंदा नववीत होती. ताईंकडे अंक आला की पहिला तिच्या हातात. अंगानं ती थोराड, रंगानं ताईंसारखीच. तो अंक बाजारात आला आणि काही दिवसांनी दुपारी गल्लीतून आवाज आला.

"ए ढोली आली, ढोली! सरका, सरका! रोडरोलर आला!"

दम अगदी दुसऱ्या "सरका"नंतर घेतलेला. मंदा दप्तर छातीशी धरून मान खाली घालून चालली होती. ताईंचा टाक कागदावरच थांबला, शाईचा थेंब पसरत गेला. "अक्षर माझं गो ते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मंदा ताईंकडे यायची थांबली. गल्लीतूनही जाईना. शाळेला निघाली की मागून, खाजणाच्या कडेनं, चिखलातून वळसा घालून बसस्टॉप गाठायची. तिची आई म्हणाली, "गॅदरिंगला गाणार होती. आता म्हणते, नाव काढ माझं."

पुढच्या गठ्ठ्यात नेमकं गॅदरिंगच निघालं. ढोली गायला उभी राहते, स्टेज मोडतं, मुलगे खाली उभे राहून काय काय बोलतात. मी इकडे कुकर लावत होते. भिंतीपलीकडून पहिल्या मुलाचा आवाज सुरू झाला आणि अर्ध्यात बंद पडला. दुसऱ्याचाही. आणि मग ताईंचा स्वतःचा आवाज आला. त्यांच्या आवाजात त्या काही बोलून बघताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अंक छापून आला तेव्हा ताईंनी मंदाला हाक मारून दारात बसवलं. मीही गेले. पानावर मुलगे तोंड उघडून हसत होते आणि त्यांचे टपोरे फुगे कोरे होते. पांढरेफटक, एक अक्षर नाही. मोडक्या स्टेजवर ढोली उभी होती. तिच्या इवल्याशा फुग्याची रेघ पांढऱ्या रंगानं पुसून ताईंनी नवा फुगा काढला होता, पार चौकटीच्या कडेपर्यंत. त्यात लिहिलं होतं, "हसून झालं? माझं नाव विमल. आता मी गाणार आहे."

मंदानं विचारलं, "विमल कोण?"

"मी," ताई म्हणाल्या. "ती ढोली आहे ना, ती मी. छापून आलंय, बघ. तुझा तिच्याशी काय संबंध नाय."

शेजारी राहून एवढे दिवस झाले होते, ताईंचं नाव मला तेव्हा कळलं.

पोरं ती पोरंच. त्यांनीही अंक वाचला. दुसऱ्या दिवशी मंदाला बघून एकानं आरोळी दिली, "ए विमल! रोडरोलर!" तशी ताई शाईच्या हातानं दारात.

"काय रे? हाक मारलीस?"

"तुम्हाला नाय हो काकी..."

"मग हितं विमल आणखी कोण आहे? ढोली म्हणजे मी. नीट बघून घे. हां, आता बोल, काय म्हणत होतास?"

"वाट लागली यार," असं दुसरा पुटपुटला आणि सगळे पांगले. मंदा गल्लीच्या मधोमध उभी राहून हसत होती. मी तिला तसं हसताना कितीतरी दिवसांनी बघितलं. गॅदरिंगला ती गायली. ताई आणि मी पालकांत बसलो होतो.

त्याच महिन्यात ताई अंधेरीला गेल्या आणि गठ्ठ्याचा पुठ्ठा रिकामाच घेऊन परत आल्या. मी चहा टाकला. कप हातात धरून म्हणाल्या, "साहेब म्हणाला, बाई, तुम्हाला लिहायला ठेवलं होतं, बोलायला नाही." आणि हसल्या. चहा मात्र तसाच निवला.

पैशाची ओढाताण झाली असेलच, पण त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. मला लागलं ते वेगळंच. भिंतीपलीकडचं घर रिकामं झालं. प्रिन्सिपॉल गेले, मुलगे गेले, कुत्रा गेला. ताई टाक धुऊन पुसून ठेवायच्या आणि दारात खाजणाकडे बघत बसायच्या. मी जेवायला बोलवायचे, गप्पा मारायचे. त्या हं हं करायच्या. एका दुपारी न राहवून मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "अय्या! सरक, सायकलची चेन मी बसवते." वाट बघितली. पलीकडून काही आलं नाही. पत्रे तेवढे वाजत होते.

मग मालवणहून भाचा आला. खोली विकली, सामान बांधलं. बसस्टॉपपर्यंत ताईंची पेटी मंदानं उचलली, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. बस आली तेव्हा ताईंनी टाक माझ्या हातात दिला. "तुला लिहिता येईल," म्हणाल्या. मी म्हटलं, "मला? काहीतरीच!" "येईल गो. फक्त आधी बोलून बघ."

पुढे त्यांच्या हातची एक-दोन पोस्टकार्डं आली. मग भाच्याचं आलं, त्यात ती बातमी होती.

आमचे हेही गेले. मुलगा परगावी असतो. मी अजून त्याच खोलीत आहे, वर एक माळा चढलाय इतकंच. तो टाक आता चालत नाही, मी बॉलपेननं लिहिते. पण ताईंनी सांगितलं तसंच, आधी मोठ्यानं बोलते, दम कुठे घ्यायचा ते बघते, मग लिहिते. हे सगळं तसंच लिहिलंय. मंदाचं मंदाच्या आवाजात, पोरांचं पोरांच्या.

परवा मी असंच ताईंचं बोलून बघत होते, तेवढ्यात शेजारची नवी सून वाटी घेऊन दारात आली. विरजण हवं होतं. आत डोकावून बिचकली. "सॉरी हं काकू, पाहुणे आलेत का?"

"हो," मी म्हटलं. "विमलताई आल्यात. ये ना, बस."