कोठे आणि कोटे

बिदरच्या किल्ल्यापासून दीड मैलावर मी नऊ वर्षं राहिलो आणि पहिल्यांदा आत गेलो तो हरवायला.

म्हैसूरचं कर्नाटक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही मूळचे कमलनगरकडचे, पण मी बिदरच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायला लागल्यापासून आई, धाकटी बहीण सुमी आणि मी गावालगतच्या मैलूरला राहायचो. माझी निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. नाव, ‘जगात पाहिलीच पाहिजेत अशी स्थळे’. इजिप्तचे पिरॅमिड, चीनची भिंत, अंकोरवाट, माचू पिचू, वेरूळ, हंपी... जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं कापून खळीनं चिकटवलेली. पिरॅमिडात कोणत्या बाजूनं शिरायचं, हे मी वर्गात फळ्यावर नकाशा काढून सांगायचो. (स्वतः मी हैदराबाद आणि सोलापूर एवढंच जग पाहिलं होतं, तेही दवाखान्याच्या कामानं.) किल्ला तर घराच्या माळवदावरून रोज दिसायचा. तो आपलाच, कुठं पळून जातोय, म्हणून राहिला तो राहिलाच.

त्या वर्षी सुमीला लातूरचं स्थळ आलं. मुलगा बँकेत. फोटोंची देवाणघेवाण झाली. सुमी मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं मुलाचा फोटो आपल्या कन्नड शब्दकोशात ठेवला आणि त्या आठवड्यात तिला फार शब्द अडायला लागले. मी काही न कळल्यासारखं करायचो, पण मनातून हरखलो होतो. वडील गेल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.

आता फक्त मुलाच्या मामांचा होकार राहिला होता. मामा पुण्याचे. जहाजावर इंजिनियर होते, म्हणजे माझी अर्धी वही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. मध्यस्थानं मला बजावलं होतं, “मास्तर, मामाला समदं चालतंय. थाप तेवढी चालत न्हाई.” आणि मी काय करावं? पत्रात लिहून बसलो, ‘आमचा किल्ला जागतिक तोडीचा. कानाकोपरा मला पाठ आहे. जातीने दाखवीन.’ उलट टपाली मामांचं उत्तर आलं, ‘मग आधी किल्ला, नंतर पोहे. रविवारी सकाळच्या गाडीने येतो.’

पत्र हातात घेऊन मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो.

“अण्णा, कामून घाबरायलास? मी दावते की त्यास्नी किल्ला,” सुमी म्हणाली. “दरसाली पोरींची सहल घेऊन जाते मी.”

“बघायला आलेल्या माणसाला पोरगीच किल्ला दावती व्हय? लोक काय म्हणतील!” मी म्हणालो आणि शाळेच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक गाठून किल्ल्याची माहिती कागदांवर उतरवून काढली.

रविवारी सकाळी मी बसस्टँडच्या लिंबाखाली उभा राहून ते कागद पाठ करत होतो. डोळे मिटून म्हणत होतो, कारण उघडले की विसरायचो. तेवढ्यात उमरग्याकडून गाडी आली, मामा उतरले, इकडेतिकडे पाहिलं, आणि एका टांग्यात बसून निघूनही गेले. मी तेव्हा किल्ल्याच्या शर्झा दरवाजापर्यंत पोचलो होतो. तोंडपाठ.

पुढं टांग्यात काय झालं ते मामांनी नंतर प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात सांगितलंय, त्यामुळे मला ते स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. टांगेवाला चिटगुप्प्याकडचा, नुकताच गावात आलेला. कन्नडशिवाय दुसरं येत नव्हतं. त्यानं विचारलं, “येल्लिगि री?” कुठं जायचं, हे मामांना हातवाऱ्यांवरून कळलं. पण आमचा पत्ता पिशवीच्या तळाशी. मामा पिशवी उपसत स्वतःशीच पुटपुटले, “कोठे बरं... कोठे...”

आता आमच्याकडं ‘कुठं’ म्हणतात. ‘कोठे’ म्हणायला माणूस पुण्याचाच पाहिजे. आणि कन्नडात ‘कोटे’ म्हणजे किल्ला.

“कोटे? हौद्री!” असा होकार भरून त्यानं घोडा पिटाळला. मामांना पत्ता सापडला तोवर टांगा भलत्याच रस्त्याला लागला होता. मामा ओरडले, “अहो, चाललात कोठे?” टांगेवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला फारच घाई झाली. त्यानं चाबूक काढला. मामा जितक्या जोरानं ‘कोठे’ म्हणत, तितक्या जोरानं तो “कोटे री, कोटे!” म्हणत घोडा पळवी. शेवटी वाघ कोरलेल्या भल्या थोरल्या वेशीशी टांगा उभा करून तो म्हणाला, “बंत्री,” म्हणजे आलं. मामांना क्षणभर वाटलं, मास्तरचं घर बरंच मोठं दिसतंय.

इकडं मी पुढच्या दोन गाड्यांची वाट पाहिली, मग चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “वो पूनेवाले बुढे? कोठे कोठे बोलते टांगे में चले गये ना, मास्टरसाब.” मला काही उलगडा होईना. मी सायकल हाणत घरी आलो आणि सांगितलं. सुमी पोह्यांवरची कोथिंबीर चिरत होती.

“कोठे म्हनले?” ती म्हणाली. “मग कोटेलाच गेलेत ते, अण्णा. मी आणू का?”

“तू घरात बस. मी जातो.”

“तुला किल्ल्यातलं काय ठावं हाय रे?” आईनं विचारलं.

मी ताठ्यात वही आणि कागद काखेत मारले.

किल्ल्यात शिरल्यावर माझा ताठा पहिल्या शंभर पावलांतच उतरला. पुस्तकात सगळं ओळीनं होतं. इथं एका कमानीतून गेलं की तीन कमानी, एक जिना चढलो तर वर नुसतं आभाळ. “मामा!” म्हणून हाक मारली की चारी भिंतींतून चार मास्तर “मामा” म्हणायचे. वारा आला आणि कागद खंदकात गेले. दोन तास झाले. त्याच पडक्या भिंतीजवळून मी चौथ्यांदा गेलो, तेव्हा तिथं चरणारी शेळीसुद्धा मान वर करून बघेनाशी झाली.

अखेर एका ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. डोक्याला पंचा, हातात सीताफळ, आरामात बिया टाकत बसलेले. माझ्या डोक्यातले जहाजावरचे मामा हॅट घालायचे, त्यामुळे मला काहीच शंका आली नाही.

“काका, भायेर जायची वाट कुठं हाय?” मी विचारलं.

“त्या सोळा खांबांच्या मशिदीच्या डाव्या अंगाने सरळ खाली,” ते म्हणाले. “बसा. दमलात. गावात नवीन आहात का?”

मी बसलो, आणि इतका थकलो होतो की घडाघडा बोलून गेलो. “न्हाई हो, नऊ वर्षं झाली. पण किल्ला कधी बघितलाच न्हाई. आन् तो पुण्याचा एक म्हातारा यायलाय, त्याला जातीनं दावतो म्हणून लिहून बसलोय. लई चिकित्सक हाय म्हणे. थाप पकडली तर बहिणीचं लग्न मोडतंय. पोरीला मुलगा पसंत हाय हो, बोलत न्हाई, पण मला दिसतंय की.”

गृहस्थांनी सीताफळ खाली ठेवलं. तेवढ्यात मागच्या कमानीतून ओच्यात आणखी सीताफळं घेऊन सुमी आली.

“मामा, ही घ्या... अण्णा! हिथं काय करायलास?”

मी निघाल्यावर अर्ध्या तासानं तीही निघाली होती. चौकीदार तिच्या ओळखीचा. त्यानं तिला मामांपर्यंत पोचवलं आणि रंगीन महालाचं कुलूपही उघडून दिलं. शिंपल्यांचं ते नक्षीकाम मामांनी तासभर पाहिलं होतं. मी मात्र आता मामांच्या पायाशी पाहत होतो. सुमीचा चेहरा उतरला. आपल्या तोंडानं आपण तिचं लग्न मोडलं, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं.

मामांनी डोक्यावरचा पंचा सोडून हात पुसले. मग म्हणाले, “थाप मला चालत नाही. पण थाप मारून पहिल्याच अनोळखी माणसाला सगळं खरं सांगून टाकणारा थापाड्या मी कुठल्याच देशात पाहिला नाही. याच्या बहिणीकडून फसायची भीती नाही.” आणि सुमीला म्हणाले, “चल पोरी, आता पोहे.”

तेवढ्यात त्यांना माझी वही दिसली. त्यांनी सगळी पानं उलटली. “पिरॅमिड आहेत, चीन आहे... यात बिदर कोठे?”

“आपण त्यातच बसलोय मामा,” सुमी म्हणाली, आणि हसता हसता तिच्या ओच्यातली सीताफळं सांडली.

बिदर वहीत नव्हतंच. मामांनी खिशातलं पेन काढून शेवटच्या पानावर लिहिलं. सुमीच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली, खळ वाळून पिरॅमिड गळून पडले, पण ते पान शाबूत आहे: ‘बिदरचा किल्ला. जरूर पाहावा. सुमनला बरोबर न्यावे. मास्तर भेटल्यास त्यांना बाहेर आणून सोडावे.’