दुसऱ्यांचे पेपर लिहिणाऱ्या काकू

दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता आणि मुलगी न्हाणीघरातून 'पाणी गारढोण आहे' म्हणून ओरडत होती. तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. समोरच्या काकू गेली सोळा वर्षं आमची बेल वाजवत आल्या होत्या. आज त्यांनी तळहाताने दार थोपटलं. मी उघडलं तेव्हा त्यांचा दुसरा हात अजून भिंतीवर बटण चाचपत होता.

परीक्षेचे दिवस, साडेआठ वाजलेले आणि काकू घरातल्याच कपड्यांत. काहीतरी बिनसलंय हे तिथेच कळलं.

"कॉलेजनं रजा दिली गं मला," त्या म्हणाल्या. "कायमची."

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलंय. त्या नक्की काय करायच्या, असं अजून कुणी कुणी विचारतं. ज्यांना दिसत नाही अशा मुलांचे पेपर लिहायच्या. मूल सांगणार, काकू लिहिणार. बावीस वर्षं, स्वतः शिकल्या त्याच कॉलेजात, हौसेनं.

या कामाला एक अट असते. लिहिणारा हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा. काकू बरोबर एका पेपरनं कमी होत्या. शेवटचं वर्ष, शेवटचा पेपर इतिहासाचा, आणि त्याच सकाळी त्यांची आई जिन्यावरून पडली. काकू परीक्षेऐवजी दवाखान्यात जाऊन बसल्या. मग आईचं अंथरूण, धाकट्या भावांच्या शाळा, लग्न, सासूबाईंचं दुखणं, दोन मुलं. मुलं हाताशी आल्यावर राहिलेल्या पेपरची चौकशी करायला त्या कॉलेजात गेल्या. कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. त्यांच्या मागे एक मुलगा पांढरी काठी घेऊन रडकुंडीला आला होता. त्याचा लिहिणारा आलाच नव्हता आणि घंटेला वीस मिनिटं उरली होती. काकूंनी अर्ज पिशवीत टाकला आणि त्याच्याबरोबर वर्गात गेल्या. तो अर्ज पिशवीतच राहिला.

"आई, एक तर पेपर! देऊन टाक ना," मुलगा फोनवर म्हणायचा.

"देते की. मग शेवटच्या वर्षाच्या मुलांचं कोण लिहिणार? तू येणारेस विमानानं?"

मी एकदा म्हटलं, "काकू, मी येऊ का मदतीला?"

"तू? पदवीधर? काही उपयोगाची नाहीस." माझ्या पदवीचा असा पाणउतारा दुसऱ्या कुणी केला नाही.

काका गेल्यावर त्या घरात खुर्च्या सहा आणि माणूस एक. मुलगा रविवारी दहा मिनिटं बोलायचा. मुलगी चालायला जाताना फोन लावायची, त्यामुळे काकूंना अर्धं बोलणं आणि अर्धी धाप ऐकू यायची. भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर नसे, परीक्षांचं वेळापत्रक असे. परीक्षा असली की तीन तास कुणीतरी शेजारी बसायचं. त्यातही गप्पा नाहीत. प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं. मूल चुकतंय हे कळलं तरी जीभ दातांखाली धरून तेच उतरवायचं.

त्या मुलांनी काकूंना पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं. रस्त्यात एखादा दिसला तर काकू ओळखायच्या, हाक मात्र मारायच्या नाहीत. "त्याला काय सांगू, मी कोण?" एकदा बँकेत त्या फॉर्म मोठ्यानं वाचत होत्या, तर पलीकडच्या बाकावरून एक बाप्या उठून उभा राहिला. "प्रश्न दुसरा, कोणतेही तीन सोडवा?" हा किस्सा त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितला असेल. मी पाचही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसले.

तर त्या सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. चहा कपात ओतायला त्यांनी हात पुढे केला आणि धार बशीत पडली. हे मला नवं नव्हतं. गेले चार महिने मी बघत होते आणि कसं बोलावं म्हणून गप्प होते.

"मागच्या परीक्षेत एका मुलीच्या पेपरात मी लिहिलेल्या ओळींवरच पुन्हा ओळी लिहिल्या," काकू म्हणाल्या. "दोन पानं. तपासणाऱ्याला एक अक्षर लागलं नाही. पोरगी नापास. सरांनी बोलावून पानं समोर ठेवली. मला तीही नीट दिसली नाहीत."

"तिला कळलं?"

"कुणी सांगितलं नव्हतं. ती मलाच फोन करून विचारतेय, काकू, पुन्हा बसाल ना माझ्याबरोबर? काल जाऊन सांगितलं मग. म्हटलं, बाळा, तुझं वर्ष मी घालवलं. मला दिसेनासं झालंय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, या, आमच्या बाकावर सरकून देते जागा." काकू हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

नवरा निघाला, मुलगी गेली, दार दोनदा आपटलं. घर शांत झालं. काकूंचा चहा गार झाला होता.

"मुलाला सांगू का डोळ्यांचं? मी करते फोन," मी म्हटलं.

"सांगीन मीच. ते राहू दे. तुझ्याकडे एक काम आहे."

"बोला ना."

"माझा तो इतिहासाचा पेपर. त्या वर्षीचे प्रश्न मी ग्रंथालयातल्या बाईंकडून उतरवून घेतलेत. तुला रोज दुपारी अर्धा तास जमेल? तू प्रश्न वाच, मी सांगते, तू लिही. कुणाला तपासायला द्यायचा नाही. फक्त मी चुकले तरी दुरुस्त करू नकोस."