गाल भरून घेण्याचं कारण

आई माझ्या पाया पडायला लागली, तेव्हा मी गाल भरून घ्यायचं ठरवलं. हे वाक्य ऐकून कुणालाही वाटेल की बाईचं डोकं फिरलं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी आलापल्लीला वनखात्याच्या कार्यालयात कारकून आहे. आई कुरखेड्याजवळच्या गावात माझ्या भावाकडे राहते. चार-पाच वर्षांपासून तिला विसर पडायला लागला. आधी वार विसरली, मग जेवण झालं की नाही ते, आणि मग मला. मला म्हणजे अगदीच विसरली असं नाही. मी कोण ते विसरली आणि माझ्या जागी तिची मोठी बहीण आणून बसवली.

ती बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. माझी आजी लवकर गेल्यामुळे तिनंच आईला लहानाचं मोठं केलेलं. आई तिला ‘बाई’ म्हणायची. आईच्या माहेरची रीत अशी, की मोठी बहीण आली की दारातच गडव्यानं तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि त्या ओल्या पायांवर डोकं टेकायचं. पन्नाशीत मला शुगर निघाली, वजन उतरलं, गाल बसले, ओठांच्या कडेला दोन घड्या पडल्या. चेहरा मावशीचाच झाला. तेव्हापासून मी दारात आले की आई भिंतीला धरून उठायची, गडवा आणायची आणि वाकायची.

“माय, मी तुही पोरगी आहो,” मी म्हणायची.

“काऊन थट्टा करून राह्यली बाई?”

मी पाय मागे घेतले की तिचा चेहरा पडायचा. “रागावली का माह्यावर?” विचारायची. पाप-पुण्याच्या हिशेबात मी फारशी पडत नाही, पण लेकीच्या पायावर आईचं डोकं मला पाहवत नव्हतं. वहिनी समजूत काढायची, “पडू द्या ना ताई. त्यायले बरं वाटते.” मी एकदा तिच्यावर खेकसलेही, की तुह्या पाया नाई पडत ना ते, म्हणून तुले सुचून राह्यलं.

घरी दाताचं काम आहे म्हणून सांगितलं आणि गोंडपिपरीवरून जाणारी सकाळची एसटी धरून चंद्रपूरला गेले. कातडीच्या दवाखान्यात मुरूम घालवायला आलेल्या लग्नाळू मुली बसल्या होत्या. त्यांच्या आया माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझी मुलगी कुठे आहे ते शोधत होत्या.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, “तुमची अपेक्षा काय आहे?”

“आईनं ओळखावं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “याची हमी मी देऊ शकत नाही,” म्हणाल्या. हसल्या नाहीत, म्हणून मी थांबले.

मग त्यांनी प्रकार समजावले. एक जेल असतं. ते टोचलं की गाल त्याच दिवशी वर येतात आणि वर्षभरात, कधी थोडं जास्त दिवसांनी, ते शरीरात जिरून जातं. दुसरं औषध असं, की ते कातडीकडूनच हळूहळू काम करून घेतं. त्याला दोन-तीन खेपा लागतात, पण टिकतं जास्त. तिसरा मार्ग आपल्याच अंगातली चरबी काढून गालात भरायची, त्याला नागपूर गाठावं लागतं. सूज येते, काळेनिळे डाग पडतात, आणि क्वचित एखादी रक्तवाहिनी बुजली तर कातडी मरते, डोळाही जाऊ शकतो. हे ऐकून मी पर्स उचलली होती. नवसाला बकरा कापायचा आणि देवानंच लाथ मारायची, असं व्हायला नको.

पण पर्स परत मांडीवर ठेवली आणि जेल निवडलं. लग्नाची साडी निवडायला मला याहून जास्त वेळ लागतो. टिकाऊ काय, स्वस्त काय, हे पाहिलंच नाही. आईकडे हळूहळूला वेळ नव्हता. पस्तिशीतला फोटो दाखवून म्हटलं, असं करा. त्या म्हणाल्या, पस्तिशीचे गाल या वयाच्या चेहऱ्यावर उसने दिसतात, थोडंच करू. बधिर करायचं मलम लावलं, सुई घातली, आणि पुरण सारखं करतात तसं अंगठ्यानं दाबून सारखं केलं.

कार्यालयात सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. आरशात पाहून मलाही बरं वाटलं, अगदी आईची सबब बाजूला ठेवूनही. ते इथे लपवत नाही.

सूज उतरल्यावर गावी गेले. धानाची कापणी चालू होती. आई ओसरीत बाजेवर बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“आली का पोरी? लय दिवसांनी आठवण झाली मायची.”

ती उठली नाही. पाय धुवायचं पाणी तुह्या हातानं घे म्हणाली. मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले. दोन दिवस तिनं मला केसांना तेल लावत नाही म्हणून बोलून घेतलं, पोरांना काय खाऊ घालतेस म्हणून खोदून विचारलं. इतका आनंद मला त्या वर्षात झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी आईनं मला जवळ ओढलं. वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून कानात बोलली.

“बाई येऊन नाई राह्यली. आधी येत जाय. मी काई बोलली असन का तिले?”

बाई मेली, हे पूर्वी एकदा तिला सांगून पाहिलं होतं. बाई त्याच दिवशी गेल्यासारखा तिनं टाहो फोडला होता. म्हणून म्हटलं, “नाई माय, रागावली नाई ते. येतो म्हणे.”

“कवा?”

जेल जिरायला लागणारे दिवस मी मनात धरले. “पुढच्या कापणीले.”

आईनं शेताकडे पाहिलं. “तवरिक मी राहीन का, पोरी?” भाजीत मीठ आहे का, इतक्या सहज तिनं विचारलं.

गावात रेंज नाही, शेताच्या बांधावर मिळते. मी बांधावर गेले आणि चंद्रपूरला फोन लावला. भरलेलं काढता येतं का, विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येतं, एका इंजेक्शननं एक-दोन दिवसांत विरघळतं. मग त्यांनी विचारलं, “का? आवडलं नाही का?”

“खूप आवडलं,” म्हटलं, आणि सोमवारची वेळ घेतली.