नारिंगी खाऊ आणि वर्गाबाहेरची जागा

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या तिकडच्या रंगीत गोळ्यांच्या पाकिटामागची एक ओळ वाचून दाखवलीत. या रंगांमुळे मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर परिणाम होऊ शकतो, अशी. धाकटीने विचारलं, "आजी, हे खरं आहे का?" मागून तुमची आई म्हणाली, "आजीलाच विचारा, तिला सगळं माहीत आहे," आणि हसली. त्या हसण्यामुळे मला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

तुमची आई तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. निरगुडसरच्या अलीकडे आमचं छोटं गाव. कांदा, बटाटा आणि पाटाच्या पाण्यावर थोडा ऊस. तुमचे आजोबा पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचे. मी शेजारच्या गावी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. घरात आम्ही तिघी: मी, तुमची आई आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी.

तुमची आई आठवडाभर इतर मुलांसारखीच असायची. हट्ट करायची, पण ऐकायची. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मात्र तिच्यात काहीतरी शिरल्यासारखं व्हायचं. घरभर धावायची, भिंतीला धडका द्यायची, कारण नसताना हसत सुटायची आणि मग तितक्याच जोरात रडायची. एकदा मी हात धरला तर मनगटाला चावली. दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच. शेजारणीची पाटी ओढायची, बाकावर उभी राहायची, गुरुजी फळ्याकडे वळले की दाराबाहेर पळायची.

गुरुजी वाईट नव्हते. एका खोलीत दोन वर्ग शिकवत होते. त्यांनी सरळ उपाय केला. ती अशी वागली की तिला बाहेर व्हरांड्यात पोत्यावर बसवायचं, दारातून फळा दिसेल असं. मला म्हणाले, "बाई, तुम्हीही शिकवता, तुम्हाला कळतंय. एकीपायी चाळीस पोरं बसून राहतात." मला कळत होतं. मी मान डोलावली.

पणजीला हे माहीत नव्हतं. एकदा ती दळण आणायला गेली आणि शाळेवरून परत आली. घरी येऊन दळणाचा डबा तिने तसाच ओट्यावर ठेवला आणि पाणीही न पिता बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "पोरगी भाईर बसलीय. पायताणांपाशी."

"आत्याबाई, ती दंगा करते म्हणून बसवलीय. त्यात दुसरं काही नाही."

"मी बी तिथंच बसले व्हते. मला बी दारातनं फळा दिसायचा."

तुम्हाला हे सांगायला हवं. आपलं घर छप्पन्ननंतर दीक्षा घेतलेलं. त्याच्या आधी, पणजी लहान असताना, आपल्या मुलांना वर्गाबाहेर बसावं लागायचं आणि विहिरीवर कोणीतरी वरून ओतेल तेवढंच पाणी मिळायचं. पणजी थोडेच दिवस शाळेत गेली. गुरुजींच्या मनात यातलं काही नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पणजीला मी ते पटवू शकले नाही. ती एकच म्हणायची, "तिला आत घ्यायला लाव."

कॉलेजातली माझी एक मैत्रीण पुण्यात लहान मुलांची डॉक्टर होती. तिला गाठून मी सगळं सांगितलं. तिने खूप प्रश्न विचारले, आणि बाजारातून काय खाऊ येतो यावर थांबली. खाऊ म्हणजे पिठाच्या तळलेल्या पोकळ नळ्या, भडक नारिंगी. मुलं त्या दहाही बोटांत घालून एकेक खात. त्याबरोबर लाल-हिरव्या गोळ्या, गुलाबी बडीशेप. ती म्हणाली, "नक्की नाही सांगता येत. काही मुलांना या रंगांचा त्रास होतो असं दिसतं, पुष्कळांना काहीच होत नाही. तिखट, साखर, बाजाराच्या दिवसाची धांदल, काहीही असू शकतं. थोडे आठवडे रंगाचं सगळं बंद करून बघ." मला ते आवडलं. त्यात एक रीत होती. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि बघायचं.

पण खाऊ मी आणतच नव्हते. आमच्या गावात मंचरच्या बाजाराला जो जाईल त्याने परत येताना आळीतल्या सगळ्या पोरांना खाऊ आणायचा, अशी पद्धत होती. आमच्या आळीत ते काम शेजारच्या काकूंचं होतं. मोठं शेतकरी घर, काकू पणजीच्या बरोबरीच्या. त्या गाडीतून उतरल्या की पिशवी आमच्याच ओट्यावर ठेवायच्या आणि मुलं गोळा व्हायची. प्रत्येकाच्या हातावर मूठभर.

मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "काकू, हिला रंगाचं काही देऊ नका. डॉक्टरांनी नको सांगितलंय."

काकू कांदे निवडत होत्या. "रंगाचं? आमची नातवंडं खात्यात की. काय झालंय त्यान्ला?"

"सगळ्यांना नाही होत, काकू. हिला बहुतेक होतं."

"बरं बाई. शिकलेल्यांचं पोट बी शिकलेलं असतंय," असं म्हणून त्या हसल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "चहा टाक गं मास्तरीणबाईंना. बघ, दुधाचा रंग चालतोय का इचार."

मीही हसले. पुढच्या बाजाराला मात्र त्यांनी पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली नाही. पलीकडच्या घरापाशी मुलांना बोलावलं. गिरणीवर पणजीच्या कानावर आलं की मास्तरणीला आता गावचा खाऊ चालत नाही.

पणजी माझ्याशी भांडली नाही. भाकरी थापता थापता सांगू लागली. "तुझी काकू लगीन होऊन आली तवा आपल्या घरात कुणी पाय ठिवत नव्हतं. तिच्या सासूनं मला ताक द्यायचं तर लोटा वरनं उपडा करायचा. हिनं एकदा आपल्या दारात बसून चहा घेतला. का तर मी बाळंतीण व्हते आन् ती बघाया आली. त्यापायी तिला तिच्या सासूनं चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. तरी ती येतच राह्यली. आता तुझ्या पोरीच्या हाताला हात लावून खाऊ देती. आन् तू नको म्हनून सांगून आलीस."

"आत्याबाई, पोरीला वर्गात आत बसायला हवं ना? तुम्हीच म्हणता."

"म्हनते की," ती म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी रंग बंदच ठेवला. तुमच्या आईला शिकवलं की कोणी काही दिलं तर हात मागे घ्यायचे आणि म्हणायचं, "मला चालत नाही." ती ते फार चोख करायची, शाळेतल्या कवितेसारखं. आणि खरोखरच ती निवळली. बाजाराच्या संध्याकाळी शांत बसून चित्रं काढू लागली. गुरुजींनी तिला आत घेतलं. मला रस्त्यात भेटून म्हणाले, "काय जादू केलीत बाई?" मी डॉक्टर मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, चांगलं झालं, पण एवढ्यावरून नक्की म्हणू नकोस. मला ते ऐकायचं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी काकू परत आमच्या ओट्याशी आल्या. राग ओसरला होता. मुलांना नळ्या वाटल्या, आणि पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. "ही आमच्या मास्तरणीच्या लेकीची वेगळी पुडी. फुटाणे आन् खडीसाखर. बिनरंगाची, बघा."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. तुमच्या आईने पुडी घेतली. बाकीची मुलं ओट्यावर घोळका करून बोटांतल्या नळ्या नाचवत होती. ती त्यांच्याकडे गेली नाही, खाली पायरीवर एकटी बसली आणि पुडी उघडली. तिला कोणी तिथे बस म्हटलं नव्हतं.

पणजी दारात उभी होती. ती खाली आली, नातीचं मनगट धरून तिला उठवलं आणि घोळक्याच्या मधोमध नेऊन बसवलं. मग काकूंना म्हणाली, "तिला समद्यांबरोबर दे. न्हाईतर देऊ नगं."

काकू गोंधळल्या. "अगं, तुझी सूनच नको म्हनती."

"सुनंनं वेगळी पुडी बघितली न्हाई कवा. मी बघितलीय."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना हे असं दिसेल असं स्वप्नातही वाटलं नसणार. त्या हळूच म्हणाल्या, "मी तसं न्हाई गं दिलं," आणि पणजी म्हणाली, "ठावं हाय मला." तरी तिने मनगट सोडलं नाही. शेवटी काकूंनी पिशवीतून मूठभर नळ्या काढल्या आणि तुमच्या आईच्या ओंजळीत ठेवल्या.

ती खात नव्हती. माझ्याकडे बघत होती. "आई, खाऊ का? मग मला परत बाहेर बसवतील."

सगळे माझ्याकडे बघत होते. मैत्रिणीने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. गेल्या आठवड्यांत ती किती शांत झाली होती तेही. मी म्हटलं, "खा. गुरुजींशी मी बोलते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर शाळेत गेले. गुरुजींना म्हटलं, "ती आज कदाचित चुळबुळ करेल. तुम्ही तिला काय हवी ती शिक्षा करा, पण बाहेर बसवू नका. का ते मी सांगते." आणि सांगितलं. गुरुजींनी टेबलावरची खडूची पूड बोटाने गोळा केली. म्हणाले, "माझ्या डोक्यात नाही आलं हे." त्यांनी तिला आपल्या टेबलाशेजारी बसवलं. तिने दोनदा पाटी पाडली, एकदा गाणं म्हटलं. गुरुजींनी तिला फळा पुसायला लावला, मग पुन्हा फळा पुसायला लावला. त्या वर्षी ती परत व्हरांड्यात बसली नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाकिटावर लिहिलंय ते खोटं नाही, असं मला वाटतं. काही मुलांना होतं, आणि तुमची आई त्यांतली असावी. 'असावी' एवढंच म्हणू शकते. घरात आम्ही तो रंग पुन्हा आणला नाही. बाजाराच्या दिवशी ती सगळ्यांबरोबर खायची, थोडं. कधी त्यानंतर धिंगाणा व्हायचा, कधी काहीच व्हायचं नाही. मोठी झाली तसं ते आपोआप कमी झालं.

एक गोष्ट मात्र कमी झाली नाही. पुढे कितीतरी वर्षं, हायस्कूलला गेल्यावरसुद्धा, काही रंगीत खाल्लं की ती आरशापाशी जाऊन जीभ बाहेर काढून बघायची. मग माझ्याकडे येऊन विचारायची, "आई, मी नीट वागतेय ना?" मी दर वेळी हो म्हणायचे. पण आधी क्षणभर तिच्याकडे निरखून बघायचे, आणि मग हो म्हणायचे. ते निरखणं तिला दिसत असणार.