खांबावरची पंचशीला

पंचशीला कंधारला वायरमन होती. कागदावर हुद्दा तंत्रज्ञ असला तरी लोक तिला वायरमन बाईच म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. वीज कंपनीच्या त्या ऑफिसात खांबावर चढणारी ती पहिलीच बाई. म्हणून मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तारामती मॅडमनी तिला महिला दिनाला बोलावलं. दरवर्षी डॉक्टर नाहीतर तहसीलदार बाई येत. "पोरींना या खेपेला आपल्यातली बाई दाखवू," असं मॅडमच्या मनात होतं.

पण माईक समोर आला आणि पंचशीलाची वाचाच बसली. दोन वाक्यं कशीबशी बोलून ती खाली उतरली. मग लाजून म्हणाली, "मॅडम, बोलायचं जमत न्हाई. चढून दाखवू का?" तिनं सप्लाय बंद करवला, बेल्ट बांधला आणि आवारातल्या खांबावर चढली. वरून तिनं हात हलवला तेव्हा पोरींनी शाळा डोक्यावर घेतली.

खाली उतरल्यावर नववीतली एक पोरगी जवळ आली. सृष्टी तिचं नाव. तिचे वडील मलप्पा यांचं स्टँडजवळ किराणा दुकान होतं.

"ताई, मला जमंल का?"

"का न्हाई जमणार? पण आधी आयटीआय कर."

दहावी झाल्यावर सृष्टीनं घरात तोच हट्ट धरला. मलप्पा ऐकेनात, तेव्हा पंचशीला स्वतः दुकानात गेली.

"आमच्यात पोरी खांबावर चढत न्हाईत, बाई," मलप्पा म्हणाले.

"आमच्यात तरी कुठं चढत होत्या, काका?"

आतून मल्लम्मा, सृष्टीची आई, दारात आली. "जाऊ द्या तिला. पुड्या बांधायला म्या हाय की दुकानात."

सृष्टी नांदेडला इलेक्ट्रिशियन शिकली आणि कंधारच्याच ऑफिसात अप्रेंटिस म्हणून आली. पंचशीलाच्या गाडीवर मागं बसून गावोगाव फिरायची. डब्यातली धपाटी दोघी वाटून खायच्या.

वैशाखात वादळ झालं आणि जागोजागी तारा तुटल्या. पंचशीलाला एका गावाला पाठवलं, सृष्टीला नरसिंग नावाच्या जुन्या वायरमनबरोबर दुसऱ्या गावाला. बंद तारेत कुठूनही करंट आला तर तो जमिनीत जावा म्हणून आधी तारेला अर्थिंग करतात. त्याचा संच ऑफिसात एकच होता, आणि तो पंचशीलाच्या गाडीवर होता. नरसिंगचे गुडघे दुखत होते. "मामा, तुम्ही थांबा, मी चढते," म्हणून सृष्टी चढली. सप्लाय बंदच होता. पण तेवढ्यात जवळच्या मंगल कार्यालयानं लग्नासाठी जनरेटर चालू केला आणि त्याचा करंट उलटा तारेत आला.

पंचशीला दवाखान्यात पोचली तेव्हा काही उरलं नव्हतं.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सृष्टीला शेतात बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती लावली होती, मान एका बाजूला कलत होती, आणि कुणीतरी ती सारखी सरळ करत होतं. पंचशीला बांधाजवळ उभी राहिली. मलप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

पुढं महिनाभरानं मल्लम्मानं निरोप धाडला. पंचशीला शिव्याशाप ऐकायची तयारी करूनच गेली. मल्लम्मानं तिला आत बसवलं, पाणी दिलं.

"ताई, शाळेत त्या दिवशी तुमी काय सांगितलं हुतं तिला? मला बी सांगा. माझी पोर त्या दिवसापून बदलली."

"अक्का, मी काहीच बोलले नव्हते. मला बोलताच आलं न्हाई. नुसती चढले."

मल्लम्मा तिच्यासमोर खाली बसली. "घरी येऊन म्हनली, आई, खांबावरून आपला कंधारचा किल्ला दिसत असंल." मग तिनं विचारलं, "दिसतो का वो?"

"दिसतो, अक्का."

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. पंचशीला इतके दिवस रडली नव्हती, ती तिथं रडली.

पुढच्या मार्चमध्ये महिला दिनासाठी तारामती मॅडमचा फोन आला. "पोरींना धीर येईल असं काहीतरी बोल," त्या म्हणाल्या. या वेळी पंचशीला माईकसमोर अडखळली नाही. तिनं सृष्टीचं नाव घेतलं आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. "सामान न्हाई म्हणाले तर चढू नका," ती म्हणाली. "साहेब ओरडू द्या, नोकरी जाऊ द्या. पण चढू नका."

मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मग, ताईंसारखं कोणाकोणाला व्हायचंय?"

एकही हात वर आला नाही. पुढच्या रांगेतली एक पोरगी पंचशीलाच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनंही मान खाली घातली.

मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिचा हात धरून चालल्या. पुढच्या वर्षी महिला दिनाला शाळेनं बँकेतल्या एका अधिकारी बाईंना बोलावलं. त्या सकाळी पंचशीला एका वस्तीवरचा बिघाड काढायला गेली होती. गाडीवर मागं कुणी नव्हतं.