हातात दिलेला चाकू

खोटं सांगत नाही, ऐन उमेदीत माझ्या अंगावर इतके चाकू असायचे की एसटीत चढलो की कंडक्टर मला मधोमध बसवायचा, गाडी एका अंगाला कलू नये म्हणून. सगळे घडीचे, पातं मुठीत मिटून घेणारे. उघडा चाकू घेऊन हिंडतो तो गुंड आणि मिटलेला घेऊन हिंडतो तो शौकीन, हा फरक मी एकदा कंधारच्या फौजदाराला समजावून सांगितला होता. त्याला तो इतका पटला की त्यानं मला चहा पाजला. म्हणजे चहा मी पाजला, पण पटला त्याला.

कंधारला दुकान माझं दोर, सुतळी आणि बारदानाचं. दोर कापायला एक चाकू लागतो; बाकीचे मनाला लागायचे. माळेगावच्या जत्रेत घोडे बघायला गेलो आणि शिंगाच्या मुठीचा घेऊन आलो. त्याला अशी धार होती की नुसती सावली पडली तरी कांद्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पितळी मुठीचा, माशाच्या आकाराचा, नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत घेतला. घासाघीस इतकी रंगली की दुकानदार बोलत बोलत माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आला. एक कमानीचा होता, उघडताना खट्ट वाजायचा. त्यानं मी किल्ल्याच्या खंदकातलं पाणी उभं कापलं होतं, दिवेलागणीपर्यंत ते जुळलं नव्हतं. साक्षीदार होते, वारले.

हे सगळं मी माझ्या मुलीला पाळण्यात असल्यापासून सांगत आलो. ती ऐकायची, मधेच अडवायची, "मागच्या वेळी खंदक न्हाई, विहीर म्हणला होतात" म्हणून पकडायची. अशी पोरगी लातूरला गेली आणि बोलेनाशी झाली. त्या वर्षी मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. तिला बोलतं कसं करायचं, एवढंच.

पण त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चाकू कुणाच्या हातात थेट देत नाहीत. मिटवायचा, खाली ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. हातातून हातात दिला की त्या दोघांत भांडण होतं. आमच्या घरात नवरा-बायकोत चाकूवाचूनही व्हायचं, तरी ही रीत आम्ही काटेकोर पाळली.

भूकंपाच्या साली माझं लग्न नवीन होतं. लातूरच्या खालच्या अंगाला गावंच्या गावं बसली. पत्र्याचे निवारे बांधायला दोर लागत होता, म्हणून दुकानातला सगळा दोर ट्रकात टाकून मी गेलो. तिथं गेल्यावर कळलं की बायकांना चूल मिळाली होती, पीठ मिळालं होतं, पण कांदा चिरायला काही नव्हतं. विळ्या, सुऱ्या सगळ्या दगडाखाली. मी खिसे उलटे केले. शिंगाचा गेला, पितळी मासा गेला. प्रत्येकीसमोर मिटवून जमिनीवर ठेवायचा, तिनं उचलायचा, असं चाललं होतं.

एका पत्र्यापुढं एक म्हातारी एकटीच बसली होती. मी कमानीचा चाकू तिच्यापुढं ठेवायला वाकलो, तर तिनं हात पुढं केला.

"खाली ठेवतो, आजी. भांडण होतं."

"हातात दे. भांडायला तरी येशील."

मी हातात दिला. इथं मी काही वाढवून सांगत नाही. नंतर जेव्हा जेव्हा त्या बाजूला गेलो, म्हातारी भांडली. दोर कुजका दिला म्हणून भांडली, पत्रा वाजतो म्हणून भांडली, लवकर का निघालास म्हणूनही भांडली. तिचे डोळे मिटेपर्यंत हे चाललं.

पोरगी भूकंपानंतर काही महिन्यांनी झाली. सासर-माहेरची माणसं अजून घरात झोपायला धजत नव्हती, अंगणातच मांडव घातला होता. बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतं, आणि माझ्याकडं चाकू उरलेला नव्हता. अहमदपूरच्या बाजारातून बायकोनंच मागवून घेतला. साधा, लाकडी मुठीचा, माझ्या पुढच्या सगळ्या संग्रहाचा आजोबा.

मुलगी दहावीला चांगली निघाली. तेव्हा लातूरचं वारं असं होतं की पोर चांगलं निघालं की त्याची पेटी भरायची. ट्यूशन एरियात शिरलं की भिंती दिसत नसत, नुसते पोरांचे फोटो आणि खाली टक्के. मी तिला घेऊन गेलो, परीक्षा झाली, पहिल्या बॅचला, म्हणजे सगळ्यांत हुशार पोरांत, बसली. मग मी काय गप्प बसणार होतो? परत येताना बसमध्ये सांगितलं, स्टँडवर सांगितलं, दुकानात तर रोज नव्यानं सांगितलं. दोर घ्यायला आलेला माणूस दोराबरोबर माझ्या पोरीची डॉक्टरकी घेऊनच जायचा.

दर रविवारी मी तिला भेटायला जायचो. बरोबर फळं. अर्धापूरच्या केळ्यांना तोड नाही, पण केळं सोलायला चाकू लागत नाही, म्हणून ती मी कधी नेली नाहीत. न्यायचो पपई, टरबूज, पेरू. होस्टेलच्या दारात उदगीरकडचे एक चाचा पहाऱ्याला असत. आत धारदार काही न्यायचं नाही, असा नियम. पहिल्या दिवशी त्यांनी माझे खिसे तपासले. एक निघाला, दुसरा निघाला, पायमोज्यातून तिसरा निघाला, तशी चाचांनी टोपी मागं सारली आणि शांतपणे विचारलं, "मामू, लडाई पे जारे क्या?"

शेवटी तडजोड झाली. मी आत जायचं नाही, पोरींनी बाहेर यायचं. फाटकासमोरच्या लिंबाखाली पेपर अंथरून माझं दुकान सुरू झालं. आत एकीजवळही चाकू नाही, आणि घरून येणारं सगळं सुतळीनं करकचून बांधलेलं. पोरी पार्सलं घेऊन यायच्या, नारळ घेऊन यायच्या, एकीनं तर कुलूप आणलं. मी कापायचो, सोलायचो आणि तोंडानं खंदक, घोडे, फौजदार सगळं चालू ठेवायचो. पोरी हसून हसून लोळायच्या. माझी तेवढी गुडघे जवळ घेऊन कडेला बसायची. जेवतेस का? हाव. झोपतेस का? हाव. अभ्यास? बरा हाय.

तिची आई फोनवर बोलायची. पलीकडून नुसतं 'हं' यायचं. बायको म्हणायची, पोरगी तिकडं कायतरी गिळून राहिली, तुम्ही विचारा की. मी विचारायचं ठरवून जायचो आणि गेलो की लिंबाखाली गर्दी जमायची. गर्दी जमली की मला कोण आवरणार?

एका रविवारी मेसची घंटा जरा लवकर झाली. पोरी पळाल्या. लिंबाखाली आम्ही दोघं आणि अर्धी पपई. मी बोलायला तोंड उघडलं आणि काय झालं कुणास ठाऊक, गोष्टच येईना. तिनं हात पुढं केला. "द्या, मी कापते."

मी चाकू मिटवला. सवयीनं हात पेपरकडं गेला. मग म्हातारी आठवली. मी चाकू उचलून पोरीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर दाबली.

तिनं चाकूकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पप्पा, हातात दिलात."

"दिला."

"आता भांडण होईल."

"होऊ दे की. शेवटची बस लांब हाय."

तिनं पातं उघडलं. पपईची एक फोड काढली, बिया खरवडल्या, फोड तशीच ठेवली. आणि अगदी हळू म्हणाली, "तुम्ही लई बोलता."

मी मान हलवली. हे आरोपपत्र जुनंच होतं.

"दर रविवारी येता. सगळ्या होस्टेलला गोष्टी सांगता, पपई संपली की जाता. मी कधी बोलू? कोणत्या फटीत बोलू?"

मी काहीतरी म्हणणार होतो. तिनं चाकूचं टोक वर केलं. मी तोंड मिटलं.

"मी पहिल्या बॅचला न्हाई. दिवाळीच्या आधीपासून न्हाई."

मग जे सुरू झालं ते थांबेना. परीक्षा झाली, मार्क पडले, तिला खाली ढकललं, मग आणखी खाली, एकदम शेवटच्या बॅचला. दिवाळीला घरी आली तेव्हा सांगणार होती, तर शेजारच्या किराणावाल्याच्या बायकोनं दारातच डॉक्टरीणबाई म्हणून तोंडात पेढा घातला. तिच्यामागं आणखी तिघी पेढा घेऊन उभ्या. तो पेढा अजून गळ्यात हाय, म्हणाली. तुम्ही सगळ्या गावात मला डॉक्टर करून ठेवलं, आता मी कुठं उतरू? तिचा आवाज चढला. चाचांनी फाटकातून डोकावून बघितलं आणि आमचं चाललेलं बघून पुन्हा खुर्चीत बसले. बापाशी भांडणारी पोरगी त्यांच्याही घरात असावी.

ती थांबली तेव्हा माझ्याकडं दहा उत्तरं तयार होती. शेवटच्या बॅचचा महिमा सांगणारी तर अशी तयार होती की पहिल्या बॅचच्या पोरांनी रांग लावली असती. पण टोक अजून वरच होतं. मी एवढंच विचारलं, "तिथं समजतं का?"

तिनं नाक पुसलं. "समजतं. तिथले सर परत परत सांगतात. हसत न्हाईत कुणाला."

"मग तिथंच बस."

"अन् डॉक्टर न्हाई झाले तर?"

"तर न्हाई झालीस."

"कंधारला काय सांगणार तुम्ही?"

"ते माझं भांडण हाय. तुझं न्हाई."

तिनं माझा चेहरा निरखला, मी यात काही वाढवलंय का ते तपासत. मग तिनं ती फोड खाल्ली. खाल्ली आणि म्हणाली, पपई कच्ची हाय. दर वेळी कच्ची आणता. मी म्हणालो, अर्धापूरच्या माणसानं शपथ घेऊन दिली. ती म्हणाली, तुम्हाला थाप मारणारा भेटला म्हणायचा कुणीतरी.

परतीच्या बसमध्ये अहमदपूरला आमच्या बाजारातला खतवाला चढला आणि नेमका शेजारी बसला. बसल्या बसल्या विचारलं, पोरगी काय म्हणते, पहिल्या बॅचला ना?

"न्हाई," मी म्हणालो. "शेवटच्या बॅचला हाय. खूश हाय."

खतवाला मग हळूच हसला, माझ्या मांडीवर थाप मारली आणि कानाशी येऊन म्हणाला, सांगायचं नसेल तर नका सांगू शेठ, पण एवढं मोठं काय लपवून राहिलात? मी शपथ घेतली, तसा तो आणखीच हसला. चार दिवसांत बाजारभर झालं की पोरगी लातूरला पहिली आलीय आणि बाप दृष्ट लागेल म्हणून बोलत नाही. मी दुकानात येईल त्याला खरं सांगत होतो. घसा बसला. एकानंही विश्वास ठेवला नाही.

पुढच्या रविवारी मी हे तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. बाकीच्या पोरी गोष्टीसाठी गोळा होत होत्या, तर तिनंच त्यांना हाकललं. आज माझा नंबर हाय, म्हणाली. मग ती बोलायला लागली. सर, मेस, शेजारच्या कॉटवरची निलंग्याची मैत्रीण आणि तिचं कानडी, फिजिक्समधलं कसलं तरी बल, जे मला आजही कळलेलं नाही. पपई कधीच संपली होती. मी सालीच घेऊन बसलो होतो, एकेक साल आणखी बारीक कापत, हात थांबला तर ती थांबेल म्हणून.